लसणाच्या इर्जिकीला दोन उमेदवार

लसूण तयार झाला होता आणि उपटायला माणसे नव्हती. पात खालून पिवळी पडत वर चढली होती. शेंड्याकडची चार-पाच पाने तेवढी हिरवी उरली होती. तयार झालेला लसूण ओल्या मातीत राहिला की गड्ड्यावरचे आवरण फाटते, पाकळ्या सुटतात आणि सारे पीक वास मारू लागते. गेल्या जुलैत आमचा निम्मा लसूण असाच गेला. यंदा शनिवारी संध्याकाळपासून वादळी पावसाचा इशारा होता.

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनच्या पश्चिमेला, प्लेन सिटीच्याही पलीकडे आमची शेती आहे. माझ्या यजमानांनी ती नोकरीत असतानाच घेतली. मी कोलंबसच्या एका रुग्णालयात भूल देण्याचे काम करीत असे आणि सुट्टीच्या दिवशी चिखलात उतरत असे. ते गेले, मी निवृत्त झाले, आणि शेती आता माझी सून मंजुषा पाहते. मुलगा सुमंत आठवडाभर ऑफिसात आणि शनिवार-रविवार ट्रॅक्टरवर असतो. शेती मंजुषा पाहते, परंतु विचारते मला. आमचे घर असे चालते.

लसूण आम्ही दरवर्षी इर्जिकीने काढतो. माझ्या माहेरी, कराडच्या बाजूला, ज्याचे काम अडले असेल त्याच्या शेतात सारी वाडी उतरत असे. मजुरी नाही, जेवण मात्र पोटभर. येथे आल्यावर मी शेजाऱ्यांना तोच नियम सांगितला आणि तोच शब्द शिकवला. पूर्वेच्या बांधाला लागून शेती असलेला लॉइड यूट्झी आणि रस्त्यापलीकडची डॉना ब्रिग्स ही दोघे आपापल्या मुलांसह कधी चुकली नाहीत. डॉनाच्या गवताला आम्ही जातो, लॉइडच्या भोपळ्यांना आम्ही जातो.

यंदा डॉनाने आपले सपाट रान सौरऊर्जेच्या एका कंपनीला भाड्याने दिले. त्या दिवसापासून लॉइड तिच्याशी बोलेनासा झाला. मक्याच्या जमिनीवर काच पेरणारी बाई, असे तो तिला म्हणाला. गेल्या ऑगस्टात वाळून गेला त्या मक्याला काय पीक म्हणतोस, असे तिने विचारले. त्यातच काँग्रेसची, म्हणजे येथल्या संसदेची, निवडणूक आली. लॉइडच्या फाटकावर वेड हॉस्टेटलरची लाल पाटी लागली आणि डॉनाच्या फाटकावर त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या नोरीन पेट्रोस्कीची निळी.

मंजुषाने बुधवारी दोघांनाही फोन केला आणि ओट्याशी येऊन उभी राहिली.

"आई, लॉइड म्हणतो, डॉना येणार असेल तर माझी पाठ दुखतेय."

"आणि डॉना?"

"लॉइड येणार असेल तर तिच्या मुलांचं सॉकर आहे."

"आपण चौघे किती काढू?"

"पावसाआधी? चार ओळी. फार तर पाच." मंजुषाने पदरासारखा ॲप्रन कमरेला खोचला. "बाकीचा गेला समजा."

नेत्रा, माझी नात, टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. ती नोरीनच्या प्रचारात काम करते. या दोन उमेदवारांना समोरासमोर बसवून हवामान आणि ऊर्जा या विषयांवर प्रश्न विचारायचे, असा तिने गावच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला होता. तो त्याच दिवशी कॅन्सल झाला होता, कारण दोघांच्याही ऑफिसांनी तारीख देण्याचे टाळले होते.

"आजी, इट्स सो क्लिअर," ती म्हणाली. "नोरीनला सोलरचे टॅक्स क्रेडिट्स परत आणायचेत, ग्रिड दुरुस्त करायचंय. आणि वेड म्हणतो, क्लायमेट चेंज इज अ रॅकेट. कम्पेअर करण्यासारखं आहे काय?"

सुमंत चहा ओतून घेत होता. "पण शेतजमिनीवर पॅनल नकोत म्हणतो, त्यात काय चूक आहे? जमीन संपली की मग काय बॅटऱ्या खायच्या?"

"बाबा, प्लीज, यार! पॅनलखाली मेंढ्या चरतात."

"डॉनाच्या पॅनलखाली एक तरी मेंढी दाखव. मी ड्राइव्ह करून बघायला नेतो तुला."

"पुरे," मी म्हटले. "तुम्ही दोघेही पत्रकावरचे वाचून भांडता आहात. स्थळाची पत्रिका कितीही जुळली, तरी माणूस घरी बोलावूनच पाहायचा असतो. नेत्रा, त्या दोघांच्या ऑफिसांचे नंबर दे."

"आजी, ते येणार नाहीत."

"दे."

मी आधी वेडच्या ऑफिसात फोन केला. शनिवारी सकाळी आमच्या शेतावर शेजारी जमणार आहेत आणि नोरीन पेट्रोस्की येणार आहेत, असे सांगितले. मग नोरीनच्या ऑफिसात फोन करून वेड हॉस्टेटलर येणार आहेत, असे सांगितले. दोन्ही वाक्ये उच्चारली तेव्हा खरी नव्हती. चहा संपेपर्यंत दोन्ही खरी झाली.

मग मंजुषाने लॉइडला कळवले की वेड येतो आहे, आणि डॉनाला कळवले की नोरीन येते आहे. लॉइडची पाठ बरी झाली. सॉकर रद्द झाले.

शनिवारी उजाडतानाच हवा जड होती. आभाळ स्वच्छ, पण उत्तरेकडे मळलेल्या चादरीसारखी एक कड धरलेली. लॉइड दोन मुलांसह आला आणि वाफ्याच्या पूर्वेच्या टोकाला उभा राहिला. डॉना दोन मुलांसह आली आणि पश्चिमेच्या टोकाला उभी राहिली. मधल्या सगळ्या लसणाकडे त्यांनी पाठ केली होती.

वेड हॉस्टेटलर आपल्या जुन्या पिकअपमधून उतरला. मक्याच्या शेतात वाढलेला, रुंद खांद्यांचा, पन्नाशीचा माणूस. नोरीन पेट्रोस्की लहान विजेच्या गाडीतून उतरली. ती वीज वाहून नेणाऱ्या तारांची अभियंता होती. नवे कोरे हातमोजे, पांढरे बूट. दोघांबरोबर कॅमेरा धरलेले एकेक माणूस होते. त्या कॅमेरावाल्यांना मी बार्नमध्ये, शेतावरच्या कोठारात, पाठवून मंजुषाच्या हाताखाली कांदे चिरायला बसवले.

"माझे नियम तीन," मी उमेदवारांना सांगितले. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' असते. मनात मात्र मी दोघांना अरे-तुरेच करीत होते, कारण दोघेही माझ्या मुलाच्या वयाचे. "शेतात भाषण नाही. काम टाकून फोन नाही. आणि मी विचारले की उत्तर द्यायचे."

"मॅम, मला वाटलं ही सभा आहे," नोरीन म्हणाली.

"सभा हॉलमध्ये होती. तुम्ही ती कॅन्सल केलीत."

वेड मोठ्याने हसला आणि त्याने भिंतीला टेकवलेला चार दातांचा खणायचा काटा उचलला.

लसूण नुसता ओढायचा नसतो. काटा गड्ड्यापासून वीतभर दूर रोवायचा, पायाने दाबायचा, दांडा मागे झुकवून माती मोकळी करायची, आणि मगच पात धरून गड्डा वर घ्यायचा. माती झटकायची ती बोटांनी. गड्डे एकमेकांवर आपटायचे नाहीत, मुका मार लागलेला लसूण कुजतो. वेडला हे सांगावे लागले नाही. तो वाकला की माती आपोआप मोकळी होत होती. त्याच्यामागे आडवे पडलेले गड्डे एका रेषेत, शेपट्या एका दिशेला. लॉइड दोनदा थांबून ते पाहत राहिला.

नोरीनने पहिल्याच रोपाला हात घालून ओढले. पात तिच्या हातात आली आणि गड्डा मातीत राहिला. दुसऱ्याचेही तेच झाले. तिसऱ्याला तिने काटा रोवला, तो थेट गड्ड्याच्या पोटात.

"ते जेवणात घालू," मी म्हटले.

लॉइडच्या धाकट्या मुलाने खांदे उडवून हसू दाबले. खुद्द लॉइड पुढे झाला आणि त्याने तिच्या हातातला काटा काढून घेतला. नोरीनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. क्षणभर ती रिकाम्या हातांनी उभी राहिली. मग खाली बसून पडलेल्या गड्ड्यांच्या जुड्या बांधू लागली. अभियंत्याच्या बोटांना गाठ जमते. तिसरी जुडी मंजुषाच्या जुडीसारखी घट्ट झाली.

नेत्रा माझ्याजवळ आली. तिचे डोळे भरायचेच बाकी होते. "आजी, यू डिड धिस ऑन पर्पज. आता सगळे वेडलाच व्होट करणार."

"सर्जन पोळी कशी लाटतो ते पाहून मी कधी कोणाला निवडले नाही," मी म्हटले. "जुड्या उचल."

ऊन चढले. मी गुडघ्याखाली उशी घेऊन वेडच्या शेजारच्या ओळीत बसले आणि त्याने काढलेल्या गड्ड्यांची माती झटकू लागले. बाकीचे दूर होते.

"वेड, तुझे वडील मका कधी पेरायचे?"

"मेच्या पहिल्या आठवड्यात, डॉक्टर. चर्चच्या घंटेसारखे."

"आणि तू?"

"जमेल तेव्हा. एप्रिलमध्ये जमीन गरम होते, मग पाऊस असा पडतो की ट्रॅक्टर रुततो. जुलै उलटला की थेंब नाही." त्याने काटा दाबला. "सगळं हललंय."

"कोणी हलवले?"

त्याने मान वर करून लॉइडकडे पाहिले. लॉइड लांब होता.

"आपणच," तो हळू म्हणाला. "धूर आपलाच. ज्याला डोळे आहेत त्याला दिसतं. पॅनल नकोत असं मला वाटतं ते खरंच वाटतं, चांगली जमीन आहे ही. पण धान्य वाळवणीच्या शेडवर मी स्वतः पॅनल बसवलेत. मागच्या बाजूला. रस्त्यावरून दिसत नाहीत."

"काम चांगले देतात?"

"फार चांगले," तो म्हणाला आणि हसू लागला. मलाही हसू आले. त्याच्या हसण्यात कपट नव्हते; शाळेत मार चुकवणाऱ्या मुलाचे हसू होते ते.

मग मी उशी उचलून नोरीनच्या शेजारी गेले. तिच्या तळव्याला फोड आला होता आणि तो फुटला होता. मी तिच्या हाताला पट्टी बांधली.

"डॉनाचे रान पाहिलेस?" मी विचारले. "कंपनीने पाण्याच्या निचऱ्याचे जमिनीखालचे जुने नळ तोडले. वसंतात ते पाणी लॉइडच्या मक्यात उभे होते."

"पाहिलं. वाईट काम आहे."

"तुझ्या लोकांचे काम."

"हो," ती म्हणाली. "मला सौरऊर्जा हवी आहे, लवकर हवी आहे. आपल्याकडे वेळ नाही. पण कंपन्या सपाट, निचरा झालेलं रान निवडतात, कारण स्वस्त पडतं. छपरं आहेत, पार्किंग लॉट आहेत, जुन्या खाणींची जमीन आहे. सरकारी सवलत आधी त्यांना मिळायला हवी. शेतात पॅनल लावायचे तर खाली काहीतरी पिकलं किंवा चरलं पाहिजे, आणि निचरा मोडला तर भरपाई कंपनीनं द्यायची. आमच्याच काही लोकांना हे आवडत नाही. त्यानं उशीर होईल म्हणतात."

"होईल?"

"थोडा होईल."

मी पट्टीची गाठ मारली. उत्तरेची कड आता अर्ध्या आभाळावर आली होती. निम्म्याहून अधिक लसूण निघाला होता. बांधाच्या कडेच्या ओळी तेवढ्या शिल्लक होत्या.

"आई, आधी जेवायचं का काढून घ्यायचं?" मंजुषाने बार्नच्या दारातून विचारले.

"जेवण," मी म्हटले. "उपाशी हात गड्डे फोडतात."

बार्नमध्ये लांब टेबले एकापुढे एक लावली होती. मसालेभात, भरली वांगी, पोळ्या, फोडलेल्या गड्ड्यांची चटणी आणि श्रीखंड. लॉइडला मसालेभात फार प्रिय आहे. तो त्याला पिवळा भात म्हणतो आणि पहिला घास घेतल्यावर टोपी काढतो. मी डॉनाला त्याच्या समोरची जागा दिली. माझ्या घरच्या पंगतीत जागा मीच देते. ती बसली, तिने लॉइडच्या टोपीकडे पाहिले, लॉइडने भाताकडे.

सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर मी टेबलाच्या टोकाला उभी राहिले.

"दोन्ही पाहुण्यांना एकेक प्रश्न विचारते. वेड, तुझ्या वडिलांचा मका मेच्या पहिल्या आठवड्यात पेरला जायचा. आता जमत नाही. हे कोणी केले?"

वेडचा घास हातात राहिला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी काहीही सुचवले नाही. त्याने लॉइडकडे पाहिले, लॉइडच्या मुलांकडे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते सभेचे हसू आले.

"हवा काय, बदलतच असते, डॉक्टर," तो मोठ्याने म्हणाला. "देवानं बनवली तेव्हापासून बदलते आहे. वॉशिंग्टनला विचारून थोडीच बदलते!"

लॉइडच्या मुलांनी टेबल बडवले. लॉइडही हसला. वेडचे कान मात्र तांबडे झाले होते. मी त्याच्या पानात श्रीखंड वाढले. तो पुरे म्हणाला, तरी आणखी एक चमचा वाढला. त्याने मान खाली घालून खाल्ले.

"नोरीन, डॉनाच्या रानावरच्या पॅनलबद्दल तुझे मत काय?"

डॉना ताठ बसली. निळी पाटी तिच्याच फाटकावर होती, आणि गेल्या महिन्यात दारोदार फिरून तिने नोरीनसाठी माणसे जमवली होती. नेत्राने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी तिच्या पानात मीठच ओतले आहे.

नोरीनने पट्टी बांधलेला हात टेबलावर ठेवला. "रान डॉनाचं आहे. भाड्यानं द्यायचा तिला हक्क आहे, आणि तो मी कुणाला काढून घेऊ देणार नाही. पण ते काम वाईट झालंय. कंपनीनं निचरा तोडला आणि पाणी लॉइडच्या शेतात गेलं. मी निवडून आले तर असल्या कामाला सवलत मिळू नये यासाठी भांडेन. आणि खाली काही पिकत नसेल, चरत नसेल, तर इतक्या चांगल्या जमिनीवर पॅनल नकोत असं मला वाटतं."

"म्हणजे माझं चुकलं?" डॉना म्हणाली.

"तुझं नाही. करार लिहिणाऱ्यांचं."

"मी सही केली. मी काय मूर्ख आहे?"

"नाही. पण पुढच्या सहीआधी मला फोन कर. मी वाचून देईन."

डॉनाने चमचा खाली ठेवला. लॉइडने घसा खाकरला.

"पाणी पार गुडघाभर होतं," तो कुणाकडेही न पाहता म्हणाला. "सांगितलं असतं तर मी नळ कुठून जातात ते दाखवलं असतं."

"तू बोलत होतास का माझ्याशी?" डॉना म्हणाली. "काच पेरणारी बाई!"

"ते पाणी शिरल्यानंतर म्हणालो मी."

"आधी म्हणालास!"

"नंतर," लॉइडचा धाकटा मुलगा म्हणाला.

"तू गप्प बस," दोघेही एकदम म्हणाली.

त्याच क्षणी पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजले. इशाऱ्यापेक्षा पाऊस कितीतरी आधी आला. पंगत अर्ध्यावर उठली. कधी नव्हे ते मीही पानावरून उठले.

पुढचा सगळा वेळ आठवतो तो चिखलाच्या वासासकट. वेडने काटा घेतला आणि बांधाच्या कडेच्या ओळीत असा शिरला की लॉइडच्या दोन्ही मुलांना त्याच्यामागे गड्डे उचलणे जमेना. सुमंतने मागे गाडी जोडलेला ट्रॅक्टर वाफ्याच्या तोंडाशी आणला. नोरीन जुड्या बांधत होती, पांढऱ्या बुटांचा रंग ओळखू येत नव्हता. कॅमेऱ्याची माणसेसुद्धा, कांद्याचे हात पुसून, टोपल्या वाहू लागली. मंजुषाने ताडपत्री आणली. तिचे एक टोक लॉइडने धरले. दुसरे धरायला जवळ डॉनाच होती.

"ताण, डॉना!"

"ताणलीय! तुझीच बाजू लोंबतेय, लॉइड!"

"बोटं सांभाळ."

"माझी आहेत, मी सांभाळीन."

एवढे बोलणे वसंतापासून त्यांच्यात झाले नव्हते. ताडपत्रीखाली गाडी बार्नमध्ये आली तेव्हा शेतात पातीचे तुटके शेंडे आणि काट्याच्या खुणा एवढेच राहिले होते. मी आढ्याकडे पाहिले. खांबापासून खांबापर्यंत जुड्या टांगल्या जात होत्या. सगळ्या बार्नभर ओल्या लसणाचा असा उग्र वास दाटला होता की डोळ्यांत पाणी यावे. मंजुषा खांबाला टेकली आणि मोठ्याने हसू लागली. गेल्या जुलैत ती याच खांबाशी रडली होती.

मग सगळी पुन्हा जेवायला बसली. लॉइडने भात तिसऱ्यांदा घेतला, आणि भांडे स्वतःहून डॉनाकडे सरकवले.

नोरीनला पुढच्या गावी जायचे होते. निघताना तिने माझ्याकडून डबा घेतला आणि नेत्राने तिच्या गाडीत लसणाची जुडी ठेवली. वेड आपल्या पिकअपशी थांबला होता. शर्ट अंगाला चिकटलेला, कोपरापर्यंत चिखल. पाऊस ओसरला होता. मी छत्री घेऊन त्याच्यापर्यंत गेले.

"डॉक्टर, तुमचं मत मला मिळणार नाही ना?"

"नाही."

"मी लसूण वाईट काढला?"

"इतका चांगला मी येथे कोणी काढलेला पाहिला नाही. पण तिने ओळीत सांगितले तेच पंगतीत सांगितले, आणि तेही स्वतःच्या माणसासमोर. तू ओळीत एक सांगितलेस आणि पंगतीत दुसरे."

तो बुटाच्या टोकाने चिखल खरवडत राहिला. "तुम्ही मला सगळ्यांसमोर पकडू शकला असता."

"पाहुण्याला मी पानावर पकडीत नाही. म्हणून तर श्रीखंड वाढले."

"ते श्रीखंड मला गिळवत नव्हतं," तो म्हणाला, आणि मग अगदी मनापासून हसला. "म्हणजे माझ्या हाती आज काहीच लागलं नाही."

"लागले. पुढच्या जुलैत बांधाकडची पहिली ओळ तुझी. मी स्वतः फोन करीन."

"आणि मी निवडून आलो तर?"

"तसे होऊ नये म्हणून मी नेत्राबरोबर दारोदार फिरणार आहे," मी म्हटले. "इतका चांगला हात वॉशिंग्टनला कोण धाडील?"